थट्टेचे सोयरे आणि खाणीचा गाळ

चिसेंगा, ९ मे २००४

चि. कासुबास अनेक आशीर्वाद.

बसवाल्याबरोबर भुईमूग पाठवला आहे. पोचला तर समज, की त्याचं पोट आधीच भरलेलं होतं.

काल गावात सभा झाली. खाणकंपनीचे अधिकारी सोको आले होते. न्गोनी जमातीचा माणूस, म्हणजे रीतीप्रमाणे आपण बेम्बांचा थट्टेचा सोयरा. पणजोबांनी एकमेकांवर भाले फेकले, आपण टोमणे फेकतो. मी आल्या आल्याच विचारलं, की डब्यात भाजलेले उंदीर आणलेत की आमची कोंबडी चालेल. तर ते झाडांकडे बघून म्हणाले, की यंदा माकडं दिसत नाहीत, सगळी खाऊन संपवलीत वाटतं.

मग नकाशा पसरला आणि मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणाले, की नव्या खाणीचा गाळ काबुये ओढ्याच्या उगमाशी साठवायचा आणि टाकाऊ दगड आपल्या मळ्यांच्या वरच्या अंगाला रचायचा. हसून हसून माझं पोट दुखलं. अख्खं गाव ज्या झऱ्याचं पाणी पितं तिथे खाणीचा चिखल ओतू, असं शुद्धीवरचा माणूस कशाला बोलेल? मुखिया काटोंगोंनी तर सांगून टाकलं, की थोडा माझ्या अंथरुणावरही ओता, पाठीला गारवा मिळेल. बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. फार दिवसांनी गाव इतकं हसलं.

भावजयीला, ग्रेसला म्हणावं, कसावाच्या पाल्याच्या भाजीत मीठ बेताने घाल. माझ्यावरचा लोभ आटला नसेल तर चार ओळी लिही.

तुझी ताई,
नकांडू

किटवे, १७ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

भुईमूग अर्धा पोचला. तुझं पत्र वाचून मात्र मला घाम फुटला. सोको थट्टा करत नव्हते. त्या सभेचा अहवाल खाणींना परवाने देणाऱ्या आमच्या कचेरीत माझ्याच टेबलावर आला आहे. ग्रामस्थांनी प्रस्तावाचं हसतमुखाने आणि किलकाऱ्यांनी स्वागत केलं, मुखियांनी स्वतःची निजायची जागाही देऊ केली, असं त्यात आहे.

गाळासाठी जागा तीन होत्या. एक गोल्फच्या मैदानामागे; तिथून हरकत आली, की चेंडू सापडणार नाहीत. दुसरी पाहुण्यांच्या बंगल्यापाशी. तिथून हरकत आली, की व्हरांड्यातून सूर्यास्त दिसणार नाही. तिसरी तुमची. तिथून नुसता हशा आला, म्हणून तज्ज्ञांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

महिनाअखेरपर्यंत हरकत घेता येते, पण ती भर सभेत, सोकोंच्या तोंडावर घ्यायची असते. हात जोडून सांगतो, कोणी हसू नका. मला फार भीती वाटते आहे, ताई. तो ओढा गेला तर गाव कशावर जगणार?

ग्रेसचा नमस्कार. लहानावर माया ठेव.

तुझा कासुबा

चिसेंगा, २८ मे

चि. कासुबास अनेक आशीर्वाद.

सभा झाली. सगळे तोंडं पाडून बसलो होतो. मुखियांनी सोकोंना चोर म्हटलं, मी त्यांना लेकराबाळांच्या जिवावर उठलेला म्हटलं. सोकोंचे डोळे हसून ओले झाले. त्यांनी बरोबर आलेल्या कंपनीच्या मोठ्या साहेबांना समजावलं, की आमच्यात शिव्या म्हणजे प्रेम, जितकी शिवी घाण तितकं नातं जवळचं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच रडू आलं, तर सोको म्हणाले, की नकांडूबाईंचा अभिनय आता बराच सुधारला.

तेव्हा आम्ही बायकांनी ठरवलं, थट्टाच ना, मग रीतीने करू. सोयऱ्याच्या दारात काहीही टाकलं तरी त्याने रागवायचं नसतं. काल भाड्याचा ट्रक केला, जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यावरून घमेल्यांनी गाळ भरला आणि सोकोंच्या किटव्याच्या बंगल्याच्या अंगणात, अगदी बोअरिंगच्या कडेला, गाणी म्हणत ओतला. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. या माणसाला रागही येतो, हे मला प्रथमच कळलं.

तुझ्या घरी आले नाही. पाय गाळाने भरले होते आणि ग्रेसची फरशी नवी आहे. आता तरी कागदावर काय चढतं ते कळव. म्हातारीला विसरू नकोस.

तुझी ताई,
नकांडू

किटवे, ३ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सोकोंनी लगेच लेखी तक्रार केली. गाळ विषारी आहे, बोअरिंगचं पाणी नासेल, मुलांच्या अंगाला फोड येतील, वस्तीजवळ तो क्षणभरही राहता कामा नये. आपल्या गावाला जे म्हणायचं होतं ते सगळं, त्यांच्या सहीनिशी! वाचून मला वाटलं, आपण जिंकलो. मी ती तक्रार हरकत म्हणून तुमच्या कागदांना जोडली. आमच्या साहेबांनी ती सोडवून परत दिली. म्हणाले, की ही हरकत सोकोंच्या अंगणाबद्दल आहे, तुमच्या ओढ्याबद्दल नाही.

अंगणाचं काम मात्र तातडीने झालं. हातमोजे आणि मुखपट्ट्या घातलेली माणसं आली, गवतासकट गाळ खरवडून ट्रकमध्ये भरला. असला माल वाटेल तिथे टाकता येत नाही, नियम फार कडक आहेत. तो मंजूर जागेवरच न्यावा लागतो. मंजूर जागा सध्या एकच आहे, परवाच मंजूर झालेली.

ट्रक उद्या सकाळी निघेल. हे पत्र मी आत्ताच्या बसने पाठवतो आहे, म्हणजे ते त्याच्या आधी पोचेल. हाती पडताच झऱ्यावर जा आणि घरात असतील नसतील तेवढी भांडी भरून ठेव. शेजारणींनाही सांग. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण आधी पाणी भर.

तुझा कासुबा