दाजीसाहेबांच्या मतांची वही

३ ऑगस्ट १९९३, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. केरबा गेल्याला साडेसात महिने झाले. रडून झालं की हाताला काम पाहिजे.
वह्या दोन आणल्या. ही माझी. दुसरी दाजीसाहेबांची. दाजीसाहेब म्हणजे आपले खासदार. त्यांच्या वहीत तीन रकाने आखले: तारीख, विषय, दाजीसाहेबांचं मत. आपला माणूस दिल्लीत काय करतो, हे मिठागरावर एकाला तरी नीट माहीत पाहिजे.
शेजारची पंचशीला म्हणाली, बाई, त्याला स्वतःला तरी माहीत असतं का?
तिच्याशी राजकारण बोलायचं नाही. ठरलं.

४ ऑगस्ट
पंचशीलाशी राजकारण बोलले. तिनंच काढलं. म्हणाली, तुझा एवढा विश्वास कशावर?
सांगितलं. केरबा मुकादम होता, मिठाच्या राशीवरच छातीत कळ आली आणि गेला. तेव्हा दाजीसाहेब या खोलीत आले. खुर्ची दिली, घेतली नाही. सतरंजीवर मांडी घालून बसले, माठातलं पाणी प्यायले. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मिठागराची जमीन दिल्लीची असली तरी या अठ्ठावीस खोल्यांना हात लागू देणार नाही. तसा कायदा आलाच, तर पहिलं विरोधी मत माझं.
पंचशीला म्हणाली, पाणी प्यायला हे मला पण आठवतं.

१२ ऑगस्ट
फोर्टला गेले. तिथे एका मोठ्या ग्रंथालयात लोकसभेची पुस्तकं ठेवतात, कोण काय बोललं ते सगळं छापलेलं. हिंदीत आहेत, पण वाचता येतात. मी अक्षरं शिकले तीच भिंतींवरच्या निवडणुकीच्या घोषणांवरून, एकेक अक्षर एवढं मोठं. त्यामानानं पुस्तकातली फार बारीक.
दोन वर्षांतले तेवीस विषय लिहून घेतले. मतं मात्र सापडेनात. शेवटी तिथल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक मतदान आवाजी असतं. बाजूचे एकदम हो म्हणतात, विरोधातले एकदम नाही म्हणतात, अध्यक्ष कानांनी ठरवतात. नावं लिहीत नाहीत. कोणी हट्टच धरला तर बटणं दाबून मतविभागणी होते, तेव्हाच नावं छापतात.
म्हणजे तेवीसपैकी एकोणीस वेळा कोण काय म्हणालं हे देवालाही माहीत नाही, आणि देव आम्ही मानत नाही.
तरी रकाना रिकामा ठेवला नाही. लिहिलं: आवाजी, विरोधात (बहुतेक). दाजीसाहेबांचा आवाज मी ऐकलाय. भाईंदरच्या बाजारात माइक बंद पडला होता, तरी कोळणींनी भाव थांबवून ऐकलं. असा माणूस नाही म्हणाला तर अध्यक्षांना ऐकू येणारच.

१३ ऑगस्ट
एक अडचण. ते एकोणीसही प्रस्ताव मंजूर झालेत. घसा बसला असणार. दिल्लीची हवा.

१४ ऑगस्ट
उरलेले चार, ज्यांत नावं छापलीयत. तीनदा दाजीसाहेबांचं नाव नाही. लिहिलं: दौरा.
चौथा विषय खासदारांना फुकट टेलिफोन कॉल वाढवून देण्याचा. यात नाव आहे, बाजूनं. बरोबरच आहे. फोन नसेल तर लोकांची गाऱ्हाणी ऐकणार कशी?
फोन करायला स्टेशनजवळच्या बूथवर गेले. तीनदा लावला. एंगेज. म्हणजे ऐकतायत.

२ सप्टेंबर
कामाला लागायचं. केरबाच्या नावानं वाचनालय काढणार. मिठागराच्या जुन्या वजनकाट्याची शेड मोकळीच आहे. पुस्तकं जमतील. उर्मिलेला, म्हणजे माझ्या मुलीला, तिच्या सिल्व्हर पार्क सोसायटीत जाऊन सांगितलं. ती टँकरच्या रांगेत बादल्या घेऊन उभी होती. म्हणाली, आई, तू इकडे राहायला ये, त्या खोल्यांचा भरवसा नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे पाणी नाही आणि आमच्याकडे दाजीसाहेब आहेत.
उद्घाटन १६ डिसेंबरला. केरबाचा पहिला स्मृतिदिन. तारीख बदलता येणार नाही, ती केरबानं ठरवलीय.
पाहुणे कोण, ते सांगायला नको.

११ सप्टेंबर
दाजीसाहेबांना पहिलं पत्र. चार पानं. आमंत्रण अर्धं पान, बाकी सूचना. आवाजी मतदानात पुढच्या बाकावर बसावं, असंही सुचवलं.

९ ऑक्टोबर
चौथं पत्र. उत्तर नाही. विचार करत असणार.

३० ऑक्टोबर
पेपरात आहे. मिठागरांच्या जमिनी विकायला मोकळ्या करायचं विधेयक हिवाळी अधिवेशनात येणार. दाजीसाहेबांचाच पक्ष आणतोय.
सगळे आमच्या ओट्यावर जमले. धाकूदादा, वयानं सगळ्यात मोठे, मिठात पाय झिजवलेले, म्हणाले, बाय, आता कसा? मी म्हटलं, घाबरायचं कारण नाही. पक्ष वेगळा, माणूस वेगळा. त्यांनी शब्द दिलाय. धाकूदादा म्हणाले, शबूद हाय, पन मत त्याचा हाय का पक्षाचा हाय?
अडाणी प्रश्न. तरी झोप नीट लागली नाही.

२० नोव्हेंबर
नववं पत्र. यात सगळं मुद्देसूद लिहिलं. विरोधी बाकांवरचे कोणी एक खासदार दुरुस्ती मांडणार आहेत, की जमिनी विका, पण राहत्या माणसांच्या खोल्या सोडा. दाजीसाहेबांनी निदान तिला मत द्यावं. आणि खाली: १६ डिसेंबरला यावंच लागेल, केरबाच्या आत्म्याला (खोडलं), स्मृतीला बरं वाटेल.
काल चुकून पेपर मोठ्यानं वाचला. केरबाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी मी वाचायची आणि तो मध्येच म्हणायचा, पुढं? काल कोणी पुढं म्हटलं नाही. तरी पुरं वाचलं.

६ डिसेंबर
चैत्यभूमीला जाऊन आले. रांगेत साडेचार तास. शिवाजी पार्कवर वाचनालयासाठी अकरा पुस्तकं घेतली. पाय सुजलेत. आज राजकारण नाही.
अकरावं पत्र टाकलं.

११ डिसेंबर
आनंद! दाजीसाहेबांचे सेक्रेटरी बबनराव स्वतः आले. गाडी मिठागरापर्यंत येत नाही म्हणून बांधावरून चालत आले, बूट हातात. म्हणाले, साहेब येणार म्हणजे येणार. ताई, तुमच्या शब्दाखातर साहेब सगळं सोडून येणार.
पत्रं सगळी वाचली का, विचारलं. म्हणाले, अकराच्या अकरा जपून ठेवलीयत.
जपून! मी पंचशीलाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, सगळं सोडून म्हणजे काय काय सोडून, ते विचारलंस का?
विचारायचं काय त्यात? मोठ्या माणसांना कामं असतात.

१३ डिसेंबर, सोमवार
पेपर. विधेयकावर मतदान गुरुवारी, १६ तारखेला. विरोधी पक्ष मतविभागणी मागणार, म्हणजे बटणं, म्हणजे नावं.
गुरुवारीच.
धाकूदादा आले. उर्मिला आली. पंचशीला आधीपासून होतीच. सगळ्यांचं एकच, कार्यक्रम पुढे ढकल, त्याला दिल्लीला राहू दे. मी म्हटलं, स्मृतिदिन पुढे ढकलतात का? पंचशीला म्हणाली, अगं, केरबा समजून घेईल, खोली त्याची पण होती. मी म्हटलं, तुम्हाला दिल्लीतलं कळत नाही. सभागृह सकाळी अकराला बसतं. दाजीसाहेब अकराला बटण दाबतील, दोनच्या विमानानं निघतील, पाचला इथे. मी वेळ पाचचीच ठेवलीय.
पंचशीला म्हणाली, हे त्याला सांगितलंय का?
त्यांना सांगायला लागत नाही.

१४ डिसेंबर
तरी बबनरावांना फोन केला. म्हटलं, मतदान झालं की मगच निघायचं म्हणावं. ते म्हणाले, ताई, तुम्ही बिनधास्त राहा. बूथवाल्या शेठना म्हटलं, बघा, आपलं काम झालं. ते म्हणाले, बेन, पल्स वधारे पडी गई. म्हणजे कॉलचे पैसे वाढले.

१६ डिसेंबर, गुरुवार
दुपारी दीडलाच आले.
मी अजून चुन्यानं रांगोळी काढत होते. गाडी बांधाच्या तोंडाशी. म्हटलं, साहेब, एवढ्या लवकर? म्हणाले, ताई, तुमच्यासाठी कालच आलो.
कालच.
मला वाटलं, दिल्लीत आदल्या दिवशी मत देऊन ठेवायची सोय असेल. पोस्टानं देतात तसं. लष्करातल्या शिपायांना असते ना.
कार्यक्रम फार छान झाला, हे लिहिलं पाहिजे. त्रिशरण-पंचशील झालं. फीत कापली. दाजीसाहेब केरबावर बारा मिनिटं बोलले. नाव बरोबर घेतलं, गावही बरोबर घेतलं. म्हणाले, आज दिल्लीत सभागृह चालू आहे, पण मी सरोजाताईंच्या शब्दाखातर इथे आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. धाकूदादांनी हात मांडीवरच ठेवले.
सगळे गेल्यावर केरबाच्या फोटोसमोर बसले. वाटलं, आता तू विचार, पुढं?

१७ डिसेंबर
दुरुस्ती पडली. बाजूनं ११८, विरोधात १३१. विधेयक त्यानंतर पंधरा मिनिटांत मंजूर, आवाजी.
एका मतानं काही झालं नसतं. हे मी पंचशीलाला सांगितलं. ती म्हणाली, नसतंच. पण आपलं म्हणून एक तरी असतं.

१८ डिसेंबर
वहीत चोविसावा विषय लिहिला. तिसऱ्या रकान्यात आधी लिहिलं: दौरा. मग खोडलं. मग नुसतं बघत बसले.
उलटसुलट विचार केला. त्यांची अडचण असेल. पक्षाविरुद्ध मत दिलं तर पक्ष काढून टाकतो, पक्षाच्या बाजूनं दिलं तर आम्ही. मधला मार्ग तो त्यांचा. त्यांनी मला तरी सांगायचं होतं. मी समजून घेतलं असतं. मी आजवर काय समजून घेतलं नाही?

२६ डिसेंबर
इथल्या साप्ताहिकात दाजीसाहेबांची मुलाखत. संध्याकाळी ओट्यावर उर्मिलेच्या नवऱ्यानं, गणेशनं वाचून दाखवली. मी म्हटलं मी वाचते, पण त्यानं पेपर हातात दिला नाही.
साहेब म्हणतात, मी मिठागरवासीयांच्या बाजूनंच मत देणार होतो. विमानाचं तिकीटही काढलं होतं. पण एका विधवा भगिनीनं पतीच्या स्मृतिदिनासाठी एक नाही, दोन नाही, अकरा पत्रं लिहिली. तिचे अश्रू मला डावलता आले नाहीत. शेवटी मीही माणूस आहे.
सोबत माझ्या पत्राचा फोटो. नववं पत्र. दुरुस्तीचा भाग घडी घालून आत गेलाय. दिसतं तेवढंच: १६ डिसेंबरला यावंच लागेल.
 धाकूदादा उठले, धोतर झटकलं. जाताना म्हणाले, अक्षार मात्र तुझाच हाय बाय.

२७ डिसेंबर
नळावर गेले. माझ्याआधी चार हंडे होते. चौघीही बाजूला झाल्या, म्हणाल्या, तू भर आधी. असं दुखवट्याच्या घरालाच आधी भरू देतात.
मी अश्रू ढाळले नव्हते. पत्रात तर मुळीच नाही. त्यांनी हे तरी खोटं बोलायला नको होतं.

२ जानेवारी १९९४
मोजणीवाले येऊन गेले. खोल्यांवर तांबड्या रंगानं आकडे घातले. आमचा अठ्ठावीस. वाचनालयाच्या शेडवर आकडा नाही, ती राहती जागा नाही म्हणून.

९ जानेवारी, रविवार
पंचशीलाकडे मीटिंग झाली. मला बोलावलं नव्हतं, भिंत पातळ आहे म्हणून ऐकू आली. कलेक्टरकडे अर्ज द्यायचा ठरलं.
मग पंचशीलाच आली. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, सरोजा, अर्ज तूच लिही, तुझ्यासारखं मुद्देसूद इथे कोणाला जमत नाही. मी लगेच कागद काढला. केरबा नेहमी म्हणायचा, तुला एकदा कागद दिला की... तिनं माझा हात धरला. म्हणाली, फक्त सही करू नको. तुझं नाव बघितलं की ते मुलाखत पुढे करतील, सगळ्यांचं वाटोळं होईल. तुझं नंतर बघू काहीतरी.
बरोबर आहे तिचं. मी म्हटलं, एक दुरुस्ती सुचवू का? ती म्हणाली, नको.
दोन तास बसून लिहिला. कुठेही खाडाखोड नाही. प्रत्येक खोलीचा आकडा, कुटुंबप्रमुखाचं नाव, किती वर्षं राहतात ते. शेजारी अंगठ्याला जागा. तिकडे नेऊन उभ्यानंच वाचून दाखवला. सगळे म्हणाले, झकास झालाय.
अर्जाप्रमाणे मिठागरावर खोल्या सत्तावीस आहेत.