न सांगता उठून गेलेल्यांविषयी

मी, पूर्णिमा नृसिंह सबनीस, वय एकोणसत्तर, समुपदेशक, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. रक्तदाब डॉक्टरांच्या ताब्यात आहे, डोके माझ्या.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव मुलगी अवंतिका हिला. तिने माझा सल्ला कधीच घेतला नाही, त्यामुळे आमचे संबंध उत्तम राहिले.

२. समुपदेशनाच्या खोलीतला सोफा कुणालाही देऊ नये. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या बनाबाई त्यात दोनदा बसल्या, तिसऱ्यांदा आल्याच नाहीत. 'दुःखाला सामोरे जाण्याची तयारी नाही' अशी नोंद मी केली. पुढे कळले, त्यांना त्या सोफ्यातून उठताच येत नव्हते आणि सांगायची लाज वाटत होती.

३. शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवणारे हंबीरराव यांच्याविषयी. मुलगा राजवीर याच्याशी चार वर्षे अबोला, म्हणून ते माझ्याकडे आले. दोन बैठकांनंतर गायब. फोन केला की कधी टायर पंक्चर, कधी बिद्रीला बारसं. शेवटी मंडईत गाठून मी विचारले, "माझं काय चुकलं?"

"रागवू नगा मॅडम. मी घडाघडा बोलतोय आणि तुम्ही नुस्तं 'हं'. आमची म्हस बी एवढं ऐकती की. वर दूध देती!"

तीस वर्षांच्या अनुभवाचा हा अपमान मला आठवडाभर पुरला. मग त्यांना बोलावून तोंडावर सांगितले, "पोरानं पुण्याला नोकरी धरली म्हणून तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत. चूक तुमची आहे."

ते ताडकन उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. "आत्ता कसं! बोला फुडं."

अकरा महिने आले. मग एका मंगळवारी राजवीरलाच घेऊन आले. म्हणाले, "आता आमचं आम्ही भांडतो की. येतो मॅडम." माझा रीतसर निरोप घेऊन गेलेले ते पहिलेच.

४. खोली व दारावरची पाटी सहकारी मोना हिला. अट अशी, की तिसऱ्या बैठकीत समोरच्याला "माझं काय चुकतंय?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. माझ्या नोंदवह्या न वाचता जाळाव्यात. त्यांत लोकांपेक्षा मीच जास्त सापडेन.

५. हंबीररावांना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले, आणि त्यांना साक्षीदारच व्हायचे होते.

आज सहीच्या वेळी हंबीररावांनी पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. मग म्हणाले, "मॅडम, एवढी गडबड कसली? बसा की अजून."

मी बसले. सबब खालील सह्या दुसऱ्या चहानंतर झाल्या आहेत.

सही: पूर्णिमा नृसिंह सबनीस

साक्षीदार:
हंबीरराव पिराजी चौगुले
डॉ. अमरसिंह गणपतराव सरनोबत (रक्तदाबवाले)

कोल्हापूर, ११ फेब्रुवारी २०२५