दारावरचे सात त्रिकोण

प्रिय इशू,

पत्र मराठीत बघून आधी कपाळाला हात लावशील. शनिवारी जेवणाच्या टेबलावर बसवून तुझ्याकडून बाराखडी घोटून घ्यायचो, तेव्हा किती भोकाड पसरायचीस! आता ती कामाला येतेय. सावकाश वाच, बोट ठेवून वाचलंस तरी चालेल. फक्त शेजारी बसलेल्या ताविताला लगेच भाषांतर करून सांगू नकोस. आधी एकटी वाच. त्याचा मेसेज येऊन चार दिवस झाले आणि मी उत्तर दिलेलं नाही. ते का, हे फोनवर सांगणं मला जमणार नाही. फोनवर तू कसे आहात विचारतेस, मी इथल्यांसारखं ग्रँड, म्हणजे मजेत, म्हणतो आणि सुटतो. पण तुझी आई गेल्यापासून तो रविवारचा फोन सोडला तर माझ्याकडे दुसरं आहे काय? आणि हे वाचल्यावर तो फोन येईल असं मला वाटत नाही. म्हणून चार दिवस गेले.

इकडे लेटरकेनीत सगळं होतं तसंच आहे. पाऊस तर विचारूच नकोस. चहाचे डबे तू स्वयंपाकघरातल्या कपाटात, इथल्या भाषेत प्रेसमध्ये, ठेवून गेलीस त्याच क्रमाने आहेत, मी हलवलेले नाहीत. गाडी गॅरेजमध्ये कव्हरखाली आहे. समोरचा डेक्लन, इथल्या बोलीत युअर मॅन, दर आठवड्याला येऊन विचारतो की यंदा गाड्यांच्या शोला नेणार का. मी त्याला बॅटरी उतरलीय म्हणून सांगतो. बॅटरी उत्तम आहे.

ती गाडी आपण आणली तो दिवस मला अजून दिसतो. आई जाऊन सहा महिने झाले होते. तिच्याच हॉस्पिटलच्या नोकरीपायी आपण आयर्लंडच्या ह्या टोकाला आलो आणि तीच आपल्याला इथे टाकून गेली, ह्या रागात मी घरात नुसता बसून असायचो. तू मला ओढत रॅमेल्टनच्या पुढे एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये नेलंस. त्रेपन्न सालची फोर्ड, आणि मागच्या सीटवर कोंबड्या! हॉट रॉड म्हणजे काय ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? जुन्या गाडीचं छप्पर कापून तिला बुटकी करायची, पोटात दांडगं इंजिन बसवायचं, मागे रुंद चाकं लावायची आणि मग नवरीसारखी नटवायची. मी म्हटलं, हा तर शुद्ध वेडेपणा आहे. आणि दुसऱ्या दिवशी व्हर्नियर घेऊन गॅरेजमध्ये हजर. कॅथेटरच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी बघितलेला माणूस, जित्याची खोड, दुसरं काय. दोन वर्षं आपण त्या गाडीखाली लोळलो, आणि खरं सांगतो, मी त्या गाडीमुळे जगलो.

मग ताविता आला. नाव ऐकून मला वाटलं सविता-कविता अशी कुणी मैत्रीण जेवायला येतेय, म्हणून मी साबुदाण्याची खिचडी करून ठेवली. दारात बघतो तर सहा फूट चार इंच! सामोआहून निघून ऑकलंडमार्गे रग्बी खेळायला आलेला, गुडघा गेलेला, आणि खिचडी तीनदा मागून घेणारा. बिचाऱ्याने मला पहिल्या दिवसापासून बाबा म्हटलं.

रंगाचं काम मात्र तुझं. कॅटलॉगमधले दात विचकणारे मुखवटे आणि जास्वंदीची फुलं बघून तू नाक मुरडलंस, म्हणालीस हे हॉटेलच्या मेनूकार्डासारखं दिसतं, पॉलिनेशियाचं म्हणून कुणाचंही काहीही नको. ताविताच्या आईला तू लिहून परवानगी मागितलीस, आणि त्या माउलीने कागदावर हाताने काढून पाठवलं. शार्कच्या दातांची एक ओळ तिच्या वडलांची, भाल्यांची ओळ भावांची, लाटा म्हणजे ताविताने ओलांडलेला समुद्र. निळ्याशार अंगावर सायीच्या रंगाने तू ते सगळं उतरवलंस. श्वास रोखून एकेक रेघ ओढायचीस, आणि मी मागे उभा राहून टेप धरायचो. डाव्या दारावर त्यांचं घराणं, उजव्या दारावर आपलं. आईसाठी तू रांगोळीच्या ठिपक्यांची ओळ काढलीस, ती बघून मी बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. आणि त्या ओळीच्या पुढे वीतभर जागा तू कोरी सोडलीस.

आता एप्रिलमधला तो शनिवार. तुम्ही दोघं मित्रांकडे डून लेरीला गेला होतात. रविवारी परत आलात तेव्हा त्या कोऱ्या जागेत सात त्रिकोण होते आणि वरून क्लिअर कोटही, तो पारदर्शक वॉर्निशचा हात, मारून झाला होता. मी म्हणालो, अगं, जागा राहिलेली दिसली, भरून टाकली, तीस वर्षांची सवय. तुम्ही दोघं पोट धरून हसलात. ताविता तर ज्याला-त्याला सांगत सुटला की बाबांना रिकामी जागा बघवत नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी आपण हॉस्पिटलमध्ये होतो. पोटातच गेली, पाच महिन्यांची होती.

रंगाने कुणाचं काही होत नाही, एवढं मला कळतं. डॉक्टरने समजावलं तेव्हा मी तुझ्या शेजारीच होतो. पण घरी आल्यावर तू गॅरेजमध्ये जाऊन बसायला लागलीस, त्या त्रिकोणांवर हात ठेवून. म्हणालीस की आम्ही तिची ओळ ती आल्यावर काढू म्हणत राहिलो, आणि बाबा, तुम्ही नकळत आधीच तिला जागा दिलीत, तिची तेवढी एकच खूण आहे. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस आणि मी तुझं सांत्वन केलं, अगदी हक्काने. सप्टेंबरमध्ये तुम्ही ऑकलंडला गेलात. विमानतळावर ताविताने मला मिठी मारून थँक यू म्हटलं. कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

इशू, ती जागा कुणाची होती ते मला माहीत होतं. फेब्रुवारीत तूच सांगितलं होतंस, मूल येतंय आणि ती जागा त्याची, गॅरेजमध्येच, ब्रश धुता धुता. तू त्या आनंदात होतीस, तुला बहुधा सांगितल्याचं आठवतही नसेल. मी ग्रँड म्हणालो होतो. आणि आतून माझा तिळपापड झाला होता. लग्न नाही, त्याला धड नोकरी नाही, पुण्यात तुझ्या काकाला काय सांगू, आणि हे मूल झालं की तू त्याच्या माणसांत जाणार, मी इथे एकटा राहणार. दोन महिने मी ती कोरी जागा बघत होतो. त्या शनिवारी सकाळी मी सायीचा रंग कालवला, टेप लावून मापात सात त्रिकोण काढले, म्हणजे तिथे दुसरं कुणी मावायला नको. वरून दोन हात क्लिअर कोट दिला, म्हणजे तुला खरवडून काढता येऊ नयेत. काम संपल्यावर मला बरं वाटलं होतं, तेही लिहून टाकतो.

आता ताविताच्या मेसेजचं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याचे मामा ते सात त्रिकोण त्याच्या छातीवर गोंदणार आहेत, हाताने, त्यांच्या रीतीने, आणि सगळं घराणं शेजारी बसणार आहे. त्याला माझ्याकडून फोटो हवाय, शेजारी पट्टी ठेवून, अगदी बरोब्बर मापाचा. लिहिलंय की आमच्या मुलीला पहिली जागा तुम्ही दिलीत बाबा, ती मला अंगावर हवी. मी फोटो काढला. पट्टीही ठेवली. पाठवायला बोट पुढे होईना. नुसतं नको म्हणून कळवलं तर तो डेक्लनकडून फोटो मागवेल, आणि कारण खोटं सांगायची माझी ताकद संपली. त्याला अडव, पोरी. ते त्रिकोण तिच्यासाठी नव्हते, ती येऊ नये म्हणून होते. कुरिअर पाच दिवसांत पोचेल म्हणतात. ह्या रविवारी तुझा फोन येईल तेव्हा पत्र वाटेत असेल, तुला काही ठाऊक नसेल. तेवढा एक फोन मी घेणार आहे.

तुझाच,
बाबा