थकवा चाचणी, अनसिंग केंद्र

३ नोव्हेंबर
सप्टेंबरात बांधावरचं गवत कापताना किडा चावला, ताप आला. डॉक्टरांनी स्क्रब टायफस सांगितला. गोळ्या झाल्या, ताप गेला, थकवा मात्र मुक्कामाला राहिला. पुतण्या अनुपने नागपूरहून फोनवर सांगितलं, परदेशात लाइम म्हणून असाच किडा चावून आजार होतो, त्यानंतरही लोक महिनोन्‌महिने थकलेले असतात, उपचारांच्या चाचण्या चालू आहेत. परदेशाची वाट कोण बघणार? कॉलेजच्या लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं काढली. नळ्याच धुतल्या, पण जवळून पाहिलं. चाचणी मीच करणार.

४ नोव्हेंबर, सकाळी ६
नियम : रोज शक्तीला दहापैकी मार्क. एका वेळी एकच उपचार. तुलनेसाठी विनाउपचार एक माणूस लागतो. बायकोला, म्हणजे कस्तुराबाईला, नेमलं. तिला कळवलं नाही, निकाल बिघडतो. तिचे मार्क तिच्या कामावरून मीच देणार.

९ नोव्हेंबर
उपचार एक : दुधातून अश्वगंधा. मार्क चार. दूध पातळ होतं, म्हणून पाच धरले.
कस्तुराबाई : स्वयंपाक, धुणी, दिवसभर कापूस वेचणी. नऊ.

१६ नोव्हेंबर
उपचार दोन : पहाटे थंड पाण्याची आंघोळ. एक तांब्या घेतला. उपचार रद्द.

१७ नोव्हेंबर
उपचार तीन : संपूर्ण विश्रांती. सुरुवात उत्तम. वेचणीला मजूर मिळत नाहीत, तुम्ही येता का, असं कस्तुराबाई विचारत होती. उपचार मध्येच तोडता येत नाही, हे समजावलं. ती गेली. नऊ.

२५ नोव्हेंबर
विश्रांतीचा नववा दिवस. मार्क सात! शेजारच्या गंगूबाई सांगत होत्या, कस्तुराबाई वेचता वेचता दोनदा बांधावर बसली. आठ दिले. वय झालं तिचं.

३० नोव्हेंबर
उपचार चार : रोज थोडं थोडं चालणं वाढवणे. हा डॉक्टरांनी सांगितलेला, म्हणून शेवटी ठेवला. एसटी स्टँडपर्यंत जायचं होतं. चहाच्या टपरीपर्यंत गेलो, येताना ऑटो केला. अंतर दोन्हीकडचं धरलं.

३ डिसेंबर
वाशिमला डॉक्टरांकडे. वही नेली, त्यांच्या उपयोगी पडेल. कस्तुराबाई पिशवी घेऊन सोबत. जिन्यात तिला चक्कर आली. डॉक्टरांनी वही बाजूला ठेवून तिलाच तपासलं. काखेत माझ्यासारखाच किडा चावल्याचा वण निघाला. सप्टेंबरात तिलाही आठ दिवस ताप होता. तापाच्या गोळ्या खाऊन ती माझ्यासाठी पेज करत होती. रक्तही कमी, साडेसात. डॉक्टर म्हणाले, आजार दोघांनाही झाला, झोपून एकच राहिला.
मला सांगितलं का नाही, असं मी तिला विचारलं.
"तुमी इचारलं कधी?" ती म्हणाली.
शास्त्रीयदृष्ट्या चाचणी बाद.

५ डिसेंबर
वेचणीला गेलो. उपचार म्हणून नाही. एक ओळ झाली आणि हात उचलेना. माझा थकवा खराच आहे, हे आज प्रथमच नीट कळलं. गंगूबाईंच्या चार ओळी झाल्या होत्या.
संध्याकाळी भात लावला, तो खाली लागला. कस्तुराबाई उठू लागली. पडून राहा म्हटलं, तर वाद न घालता पडून राहिली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मग वही घेऊन तिच्याजवळ बसलो, दहापैकी किती, असं विचारलं.
"दोन," ती म्हणाली.
दोनच लिहिले.