बापूचं मिटलेलं तोंड

पेण, रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

बापू माझ्याहून वयाने मोठा, आणि झोपतो तोंड मिटून. दुपारपासून तेच डोळ्यांपुढे आहे. संध्याकाळी रोह्यात आम्हा दोघांची भाषणं होती, म्हणून मी बायकोसह शेजारच्या अष्टमी गावात त्याच्या घरी जेवलो आणि जरा आडवे झालो. जाग आली ती बायकोच्या हलवण्याने. "अहो, श्वास घ्या."

स्वयंपाकघरातून बापूची बायको हसली. "आमचे झोपले की हायत का नाय, तेच कळत नाय."

त्याची मुलगी डॉक्टर. म्हणाली, वय झालं की घशाचे स्नायू सैल पडतात, झोपेत श्वासाची वाट मिटते, तपासून घ्या. मी भांडलो. इतकी वर्षं सभा गाजवणारा गळा सैल कसा? दहा माणसांपुढेही माईक मागणाऱ्या बापूचा का नाही?

"काका, सभेत गळा तुमच्या ताब्यात असतो. झोपेत नसतो."

  संध्याकाळी बापूच्या दुप्पट बोललो, टाळ्याही जास्त घेतल्या. काय उपयोग? तो आजही तोंड मिटूनच झोपणार. या वयात असल्या गोष्टीचा हेवा करायचा? करतोय खरा.

परतीच्या एस.टी.त हिला विचारलं, हे कधीपासून?

"बरीच वर्षं. तुमचा श्वास थांबला की जाग येते. परत सुरू होईपर्यंत ऐकत राहते."

नागोठण्याच्या पुढे ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली. गडब गावापाशी गाडी खड्ड्यात आदळली, तरी हलली नाही. मी जागा होतो ना.

बापूची बायको रोज अशी झोपते.