ताईला पुरून उरेल असं पातं

३ मार्च, सोमवार

मोडलं! तिसरं! नवीन वर्ष लागल्यापासूनचं तिसरं पातं. सरावात आमच्या क्लबातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा साधा वार अडवला आणि — टण्! टोकाकडचा तुकडा उडून भिंतीवरच्या घड्याळाला लागला. घड्याळ चालू आहे. पातं गेलं.

तलवारबाजी सुरू केली तेव्हा वाटलं होतं, एक सेबर, म्हणजे आमची खेळातली तलवार, घेतली की जन्माची झाली. कसलं काय! मूठ जन्माची असते. पातं चपलेसारखं — वापरा, झिजवा, बदला.

आणि तेवीस तारखेला ताईच्या क्लबशी सामना. माझी सख्खी मोठी बहीण. हे खूळ माझ्या डोक्यात घातलं तिनेच, आणि तेव्हापासून दर वेळी मला हरवतेही तीच. लहानपणी पत्त्यांत, मग कॅरममध्ये, आता यात. एकदा — फक्त एकदा! — मला तिला हरवायचंय. त्यासाठी एक पातं हवं. दिवसभर टिकेल आणि मला परवडेल असं. एवढं काय मागितलं मी?

४ मार्च, मंगळवार

नवरा म्हणतो, "वॉशिंग मशीन गळतंय. आधी ते बघू, मग तुझी तलवार." मी मशीनच्या नळीला चिकटपट्टी गुंडाळली. "झालं मशीन," म्हटलं. त्याने नळीखाली बादली सरकवली.

५ मार्च, बुधवार

ताईकडे गेले होते. सल्ला विचारायला नाही, सहजच. पण न विचारता सल्ला मिळालाच.

"महागातलं घे, छकुली. माझं बघ, एकच पातं, चार वर्षं! स्वस्तातलं म्हणजे डोक्याला ताप." अठ्ठेचाळीस वर्षांची मी, आणि छकुली! तीही शेजारीणबाईंसमोर.

मग गॅलरीतले टोमॅटो दाखवले. कुंड्या रांगेत. प्रत्येक रोपाला हिरवा रंग दिलेली बारीक लोखंडी काठी, सगळ्या कशा ताठ उभ्या. टोमॅटोसुद्धा हिचं ऐकतात! जळफळाट झाला माझा. अर्थात वळण आईचं. आई पुसायच्या फडक्यांनाही इस्त्री करायची. मी तरी कुठे कमी आहे — माझ्या दुकानात कपडे दुरुस्तीला येतात, त्यात एखादी शिवण सूतभर तिरकी गेली तरी उसवून परत घालते. गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या, दिसत नाही. मला दिसतं ना!

१० मार्च, सोमवार

पाती घ्यायला गेले. दुकानदाराने आधी महागडं काढलं. खास पोलाद, खास शिक्का. "आंतरराष्ट्रीय सामन्यांना हेच लागतं, मॅडम." म्हटलं, मी आंतरराष्ट्रीय नाही, मी बसने आलेय. स्वस्तातली दाखवा.

स्वस्तातली काय सगळी टाकाऊ नसतात. निवडायला डोळा हवा, आणि कापड निवडण्यात माझी हयात गेली आहे. एकेक पातं डोळ्यासमोर धरून कडेने बघितलं. टोक जमिनीला टेकवून वाकवलं. बाक सावकाश, सगळीकडून सारखा यायला हवा. एकाच जागी कोपरासारखं दुमडलं की ते पातं नको. फार कडक नको — हातात झकास वाटतं, पण वाकायचं माहीत नसलं की मोडतं. फार लिबलिबीतही नको. दुकानदार म्हणाला, "अहो, सगळी वाकवून बघणार का?" म्हटलं, हो. शेवटी बिचाऱ्याने मला स्टूल आणून दिलं.

तीन घेतली. एका महागड्याच्या पैशांत तीन! घरी येऊन तिन्हींना तेलाचा हात फिरवला. नवरा म्हणे, "माझ्या डोक्याला कधी लावलं नाहीस."

१२ मार्च, बुधवार

एक मोडलं. दोन दिवसांत! काही लिहायची इच्छा नाही.

१३ मार्च, गुरुवार

नवऱ्याचं मत: "तू बरणीचं झाकण उघडतेस तशीच खेळत असणार."  नंतर ब्रेडला लोणी लावताना बघितलं — हात जड आहे का माझा? ब्रेड फाटला. पण ब्रेड शिळा होता.

१५ मार्च, शनिवार

आज सरावात आमच्या शिकवणाऱ्या सरांनी रंगेहाथ पकडलं!

प्रत्येक पॉइंटनंतर मी पातं बुटाखाली धरते आणि ओढून सरळ करते. सगळेच करतात, वाकलं की. सर म्हणाले, "थांबा. काय चाललंय?"

"सरळ करतेय."

"सरळच आहे ते."

"थोडं डावीकडे गेलंय, सर."

सरांनी पातं उजेडात धरलं. "एवढा बाक नियमात बसतो."

"मला नाही बसत!"

सर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की काय होतं? तुटते. तुमची पाती वारांनी मोडत नाहीत. तुम्ही त्यांना इस्त्री करकरून मारता. सामन्यापर्यंत या पात्याला बूट लावायचा नाही."

म्हणजे पोलादाचा दोष नाही, दुकानदाराचा नाही, हाताचाही नाही. माझ्या बुटाचा! घरी येईपर्यंत लाज वाटत होती. नवऱ्याला सांगितलं, तर त्याला हसू आवरेना.

१६ मार्च, रविवार

पातं कपाटात आहे. वाकडं. मला माहीत आहे ते वाकडं आहे.

१९ मार्च, बुधवार

अजून टिकलंय! केळ्यासारखं झालंय, पण टिकलंय. बुटाला हात... म्हणजे पात्याला बूट लावला नाही. घरी येऊन नवऱ्याच्या मोज्यांना इस्त्री केली. जिवाला जरा बरं वाटलं.

२३ मार्च, रविवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

ताई आणि मी. दहा पॉइंट आधी करील ती जिंकली. नवरा पहिल्या बाकावर. ताईने माझं पातं बघितलं आणि तोंड वाकडं केलं — "शी! हे घेऊन उतरणार तू?" उतरले! आणि प्रत्येक पॉइंटनंतर ती काय करत होती? पातं बुटाखाली. ओढ. पुन्हा बघ. पुन्हा ओढ. मी मात्र हात पाठीमागे घट्ट धरून उभी.

नऊ–नऊ. आयुष्यात पहिल्यांदा! ताई धावून आली, मी अडवलं, आणि — टण्! माझं नाही. ताईचं! "एकच पातं, चार वर्षं" वालं!

पंचांनी विचारलं, दुसरी तलवार? ताई म्हणाली, "ती... घरी राहिली." दुसरी नसेल तर सामना समोरच्याचा. म्हणजे माझा! नवरा उभा राहून ओरडला, "जिंकलीस!" ताई मुखवटा काढून उभी होती. केस घामाने चिकटलेले, आणि चेहरा — कॅरममध्ये एकदा आईने मला खोटं जिंकवलं होतं, तेव्हा तिचा झाला होता तसा. मला ते बघवेना. असं जिंकून काय करू?

पिशवीतली माझी दुसरी सेबर काढून तिच्या हातात दिली.

हरले. दहा–नऊ. माझ्याच पात्याने! वर ती म्हणते कशी, "बरं आहे गं हे. स्वस्तातलं वाटत नाही."

नवरा घरी येऊन थेट गळक्या मशीनची नळी बघायला बसला.

२५ मार्च, मंगळवार

सेबर परत आणायला ताईकडे गेले. ती आत चहा टाकत होती. मी गॅलरीत. टोमॅटोची एक काठी जरा तिरकी दिसली. राहवेना. सरळ खोचू म्हणून उपसली.

खाली मातीत महागड्या पात्यांवरचा तोच खास शिक्का. वर हिरवा रंग, आणि मोडकं टोक. दुसरी उपसली. तिसरी. सगळ्याच कुंड्या! शेवटच्या कुंडीतलीला तर अजून रंगही दिला नव्हता.

मागे ताई, दोन्ही हातांत कप. तिने कप कठड्यावर ठेवले. मग म्हणाली, "ती डावीकडची पण तिरकी आहे बघ, छकुली."