झंपराचं माप

पाटोदा
रविवार

प्रिय अंजना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत घालशील, अशी भीती वाटते. घालू नकोस बाई. एकदा वाच, मग काय करायचं ते कर. पंचवीस वर्षांनी लिहितेय आणि धड खुशालीसुद्धा विचारत नाही, कारण शुक्रवार दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल वरणात दोनदा मीठ पडलं.

झालं असं की बीडच्या एका कॉलेजात जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन भरतंय. त्यांनी आपल्या जुन्या कॉम्प्युटर क्लासची मशीनं मागितली. माळ्यावरून तिन्ही उतरवून घेतली. त्यांची अट एकच, मशीन उघडं ठेवायचं आणि आतल्या प्रत्येक खाचेवर, प्रत्येक कार्डावर नावाची चिठ्ठी चिकटवायची. मला हसूच आलं, हे काय मला सांगायचं? आपण पोरींना कसं शिकवायचो, आठवतं? काळी लांबलचक खाच ती नऊवारी, म्हणजे सगळ्यात जुनी, आयएसए. पांढरी आखूड ती सहावारी, पीसीआय. आणि एकटीच तपकिरी असते ती झंपर, एजीपी, डिस्प्लेच्या कार्डाची. नावं मी ठेवलेली. पोरी खिदळायच्या आणि तू ओढणी तोंडाला लावून भिंतीकडं बघायचीस.

त्या झंपरावरूनच आपलं तुटलं. खिडकीजवळचं मशीन आणल्यापासून मी एकदाही उघडलं नव्हतं. विकणारा म्हणाला होता, ह्यात एजीपी डिस्प्ले आहे, लई भारी. मग एक दिवस तू एकटीनंच ते उघडून ब्रशनं साफ केलंस, आणि दुसऱ्या दिवशी मी आत बघते तर तपकिरी खाच रिकामी. त्याच आठवड्यात नांदूरघाटला तुझ्या भावानं, बजरंगनं, घरी कॉम्प्युटर आणलेला. मला आणखी काय पाहिजे होतं? स्क्रीन तर चालू होती, पण त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं. आतल्या मुख्य बोर्डाचा स्वतःचा साधा डिस्प्ले असतो, चांगलं कार्ड काढून तू त्याच्यावर भागवलंस, असं मी सगळ्या बॅचसमोर बोलले. चौदा पोरी होत्या. तू रडली नाहीस, भांडलीही नाहीस. एवढंच म्हणालीस, "उज्जे, दुसऱ्या मशीनचं कार्ड हितं बसवून तर बघ."

मी बसवून बघितलं नाही. मला शिकवू नको म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस. माझा अंदाज खरा होता म्हणूनच आली नाहीस, असं मी मनाशी धरलं, आणि पंचवीस वर्षं धरूनच ठेवलं.

शुक्रवारी चिठ्ठ्या लावत होते. त्या रिकाम्या खाचेवर "एजीपी" चिकटवली. मनात आलं, प्रदर्शनात रिकामी खाच कशी दिसेल, म्हणून दुसऱ्या मशीनचं डिस्प्ले कार्ड काढून तिथं लावायला गेले. बसेना. कचरा असेल म्हणून फुंकर मारली, पुसलं, परत लावलं. बसेना. अगं, खाचच बारकी! कार्ड तिच्याबाहेर बोटभर उरत होतं. मग ओल्या फडक्यानं बोर्ड पुसला तर कडेला बारीक अक्षरं निघाली, एएमआर. भिंग घेऊन तीनदा वाचली. मग मोबाइलवर त्या बोर्डाचा नंबर टाकून शोधलं. ही मोडेमसाठी काढलेली खाच, फारसं कुणी वापरलीच नाही म्हणे. आणि त्या बोर्डाला डिस्प्लेच्या कार्डाची खाचच नाही. त्याचा डिस्प्ले बोर्डातच आहे, विकणारा त्यालाच एजीपी म्हणत होता. जे कार्ड तू चोरलंस म्हणून मी बोंबलत होते, ते कधी नव्हतंच. रंग बघून झंपर म्हणाले, माप घेतलंच नाही. आणि तू तेव्हाच माप घ्यायला सांगितलं होतंस. मला लाज वाटते, अंजना. शब्द पुरत नाहीत.

तरीपण नुसत्या एवढ्यासाठी मला लिहायचा धीर झाला नसता. आता खरं सांगते. मंगळवारी चकलांब्याच्या विमलबाई आणि त्यांचे दीर माझ्याकडं आलते. मुलासाठी तुझ्या लेकीचं, संस्कृतीचं स्थळ बघत होते. मुलीची आई लग्नाआधी माझ्यासोबत क्लास चालवायची असं कळलं, म्हणून चौकशीला. मी चहा दिला. घर कसं आहे, असं त्यांनी विचारलं. आणि मी म्हणाले, "माय हुशार हाय, पण हाताची चांगली न्हाई." सरळ चोरच ठरवलं तुला. मंगळवारी हे बोलले आणि शुक्रवारी ते मशीन उघडलं. काल तुझी नणंद छबुबाई बाजारात भेटली. चकलांब्याहून नकार आला म्हणे, कारण काही सांगितलं नाही, आणि पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिच्याकडून तुझा नंबर घेतला, पण फोनवर माझ्या तोंडातून आवाज निघणार नाही, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतेय. उद्या पहिल्या एसटीनं मी चकलांब्याला जाते. तो बोर्ड आणि ते कार्ड विमलबाईंच्या घरात सगळ्यांदेखत पुढं ठेवते आणि खोटं कोण बोललं ते सांगते. त्यानंतर ते हो म्हणाले तरी पोरगी द्यायची की नाही, ते तुम्ही मायलेकी ठरवा. मला माफ कर असं मी लिहिलं होतं, ते खोडलं. ते मागायचं तोंड मला नाही. फक्त संस्कृतीला आजच्या आज जवळ घे आणि सांग, तिच्यात काही कमी नव्हतं, नकाराचं कारण पाटोद्यात बसलंय आणि त्याचं नाव उज्ज्वला आहे.

तू म्हणशील तरच तुझी,
उज्ज्वला